मानाची शाल आणि कोरी बाटली

आमच्या मॅडमच्या जिन्याखालच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी अंगावरच्या कपड्याचा एक धागा जाळून घ्यावा लागे. दारातच लाकडी स्टूल, त्यावर स्पिरिटचा दिवा, चिमटा आणि छोटी कात्री. आलेल्याच्या शर्टाच्या आतल्या शिवणीतून मॅडम एक सूत काढत, ज्योतीवर धरत आणि नाक पुढे करत. कागद जळल्यासारखा वास आला तर कापड सुती, या आत. केस जळल्यासारखा आला तर लोकर नाहीतर रेशीम, तुम्हीही या. पण सूत वितळून टोकाला काळी कडक गोळी झाली, तर ते कृत्रिम. मग त्या माणसाने बाहेर थांबायचं, किंवा खुंटीवरचा सुती डगला गळ्यापर्यंत बटणं लावून घालायचा. डगले सगळे झगझगीत राणी रंगाचे. प्राचार्य एकदा पाहणीला आले तेव्हा त्यांच्या सफारीची गोळी झाली. राणी रंग अंगावर घेण्यापेक्षा त्यांनी दाराच्या काचेतून पाहणी केली आणि शेऱ्यात स्वच्छता उत्तम असल्याचं लिहिलं.

यात वेडेपणा दिसतो तेवढा नव्हता. नदीच्या पाण्यात प्लॅस्टिकचे जे बारीक कण आणि तंतू असतात, साध्या डोळ्यांना न दिसणारे, ते शोधणं हा मॅडमचा विषय. यातले पुष्कळसे तंतू कपड्यांतूनच झडलेले असतात. म्हणजे मोजणाऱ्याच्या बाहीतून पडलेला तंतू नदीच्या नावावर जमा व्हायला वेळ लागत नाही. राणी रंगाचं कारणही तेच. सूक्ष्मदर्शकाखाली राणी रंगाचा धागा दिसला की तो डगल्याचा हे बघताक्षणी कळायचं.

मी मॅडमच्याच विभागात, शेजारच्या खोलीत बसून पाणीपुरवठा शिकवत असे. भोसरीजवळचं आमचं कॉलेज. वर्गात शिकवताना मागच्या बाजूने वर्कशॉपांतल्या प्रेसचे ठोके ऐकू येत, आणि ते थांबले की जेवणाची सुट्टी झाली हे आम्हाला घंटेआधी कळे. मॅडमकडे माझं रोज जाणं होतं. त्या वर्षांत माझ्या सगळ्या शर्टांच्या आतल्या शिवणी हळूहळू उसवत गेल्या. बायकोने विचारलं तेव्हा खरं सांगितलं, आणि तिचा विश्वास बसला नाही.

मॅडमचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कोरी कुठंय?"

कोरी म्हणजे एक बाटली. नमुने घ्यायला नदीवर जाताना रिकाम्या बाटल्यांबरोबर गाळून स्वच्छ केलेल्या पाण्याची एक भरलेली बाटली न्यायची. नदीचं पाणी भरताना जेवढा वेळ बाकीच्या बाटल्या उघड्या, तेवढा वेळ ही उघडी ठेवायची. मग बंद करून सगळ्यांबरोबर परत आणायची आणि तिचंही पाणी तसंच गाळून तपासायचं. कोरीत जे सापडेल ते नदीचं नव्हे, आपलं. कोरी स्वच्छ निघाली तरच बाकीच्या बाटल्यांवर विश्वास ठेवायचा.

हे तत्त्व मॅडमनी नदीपुरतं ठेवलं असतं तर त्या पुष्कळ लोकप्रिय झाल्या असत्या. पण स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, नव्या विभागप्रमुखांमुळे निकाल सुधारला, की कोपऱ्यातून आवाज येई, "कोरी कुठंय? ते आले नाहीत त्या विभागाचा निकाल काय लागला?" मी एकदा घरच्या काढ्याने सर्दी गेल्याचं सांगितलं.

"कोरी?"

"म्हणजे?"

"अहो सर, काढा न घेणाऱ्याची सर्दी किती दिवसांत गेली?"

तेवढ्याच दिवसांत गेली होती. ती माझ्या मुलाला झाली होती. घरी मी हे बोललो नाही.

दुसरी सवय काचेच्या बशीची. पर्समध्ये झाकण असलेली एक चपटी काचबशी असे, तळाला ओला गाळणकागद. कुठेही गेल्या की बशी उघडून टेबलावर ठेवायची, निघताना झाकण लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, तिथल्या हवेतून काय काय पडलं ते. लग्नात पंगतीला बसल्या की पानाच्या डावीकडे, मिठाच्या जागी ही बशी. वाढपी त्यात लोणचं वाढून जात. मॅडम चिडत नसत. "लोणच्यातलंही बघू," म्हणत आणि झाकण लावत.

त्या राहायला पिंपळे सौदागरला होत्या, एका मोठ्या सोसायटीत. तिथे कमिटीने बागेतली हिरवळ काढून कृत्रिम गवताचा गालिचा टाकला. उद्घाटनाला मॅडम गेल्या, गवतावरून दोन फेऱ्या मारल्या आणि सर्वांसमोर चपला काढून एका पांढऱ्या कागदावर झटकल्या. कागदावर हिरवा भुगा पडला.

सेक्रेटरी समजुतीने म्हणाले, "मॅडम, याला पाणी लागत नाही. पर्यावरणपूरक आहे."

"पाणी लागत नाही, पण पावसात हे पाण्याला लागतं ना. तुमचं गवत पवनेत चाललंय."

सोसायटीच्या ग्रुपवर त्यावरून बरंच काही लिहिलं गेलं. मॅडमना ते माहीत नव्हतं, कारण त्यांना ग्रुपमधून आधीच काढलं होतं. टाकीतल्या पाण्याबद्दल त्यांनी काही विचारलं होतं म्हणून.

नदीवर त्यांच्याबरोबर मी अनेकदा गेलो. जीपमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी प्रयोगशाळेचे मामा, मागे मॅडम आणि मी, त्याच्या मागे बाटल्यांच्या पेट्या. मामा चिखलीचे. त्यांच्या शेतात आता तीन बिल्डिंगी उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीत मामांचे स्वतःचे फ्लॅट होते, तरी ते नोकरीला येत, कारण घरी बसून काय करायचं. पुलावरून मॅडम दोरीला बांधलेली स्टीलची बादली सोडत. दोरी अर्थातच काथ्याची. राणी रंगाचा डगला घातलेली बाई नदीत काहीतरी सोडते आहे म्हटल्यावर लोक थांबत. एकदा एका दुचाकीवाल्याने गाडी बाजूला घेतली.

"मावशी, निर्माल्य टाकू नका बरं नदीत. दंड होतो."

"टाकत नाही रे, काढतीये."

"काय काढताय?"

"तुझा शर्ट."

तो जरा दचकून निघून गेला. त्याच्या शर्टाचे तंतूही धुण्याच्या पाण्याबरोबर शेवटी इथेच येतात, हे मॅडमना सांगायचं होतं. पण पुढचं ऐकायला तो थांबला नाही.

इंद्रायणीला चाकणच्या बाजूने एक ओढा मिळतो. त्याच्या वर आणि खाली मॅडम वर्षभर नमुने घेत होत्या. वरच्या भागातल्या बाटल्या खणांच्या छोट्या लाकडी पेटीत बसत. खालच्या भागातल्या जास्त, म्हणून त्यांच्यासाठी मोठी पेटी. तिला खण नव्हते. चाकणच्या रस्त्यावर पहिल्याच फेरीत तिच्यातल्या बाटल्या एकमेकींवर आपटून फुटल्या. हवेचे फुगे असलेलं प्लॅस्टिक गुंडाळायचा प्रश्नच नव्हता. मग मॅडमना कपाटातल्या शालींची आठवण झाली.

या शाली सत्काराच्या. महिला दिन, जल दिन, पर्यावरण दिन असे दिवस आले की संस्थेला मॅडमची आठवण होई. स्टेजवर नारळ, सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं रोप आणि शाल. निवेदक दरवेळी सांगायचा, "उंची लोकरीची शाल देऊन सन्मान करण्यात येत आहे." सगळ्या मरून रंगाच्या, काठ सोनेरी. मॅडम सत्कारांची भरपूर टिंगल करत. पण प्रत्येक शाल घडी घालून, डांबरगोळी ठेवून कपाटात जाई, हेही मी पाहत होतो. त्यांचं संशोधन कोणी वाचत नसे. त्या शालींखेरीज कोणी त्यांची दखल घेतल्याचा दुसरा पुरावा नव्हता.

तर मोठ्या पेटीतल्या बाटल्या शालींत गुंडाळल्या गेल्या, फुटायच्या थांबल्या. आणि त्यानंतर ओढ्याच्या खालच्या प्रत्येक बाटलीत मरून रंगाचे तंतू सापडू लागले. वरच्या बाटल्यांत एकही नाही. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने सांगितलं, ॲक्रिलिक. कोरी स्वच्छ. ओढ्याच्या काठी एक छोटा कारखाना होता. ट्रक-जीपच्या सीटांवर घालतात ते केसाळ कापड तिथे बनत असे. ते कापड ॲक्रिलिकचं. आणि सर्वाधिक खपणारा रंग मरून.

मॅडमनी हे विभागाच्या बैठकीत सांगितलं, आणखी तपासायला हवं असंही म्हणाल्या. पण बैठकीला संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांनी पहिला भाग ऐकला. चार दिवसांत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमी आली, कारखान्याला काम थांबवायची नोटीस गेली, आणि आमच्याकडे नदी संशोधन केंद्रासाठी वातानुकूलित दालन तयार होऊ लागलं. 'आणखी तपासायला हवं' हे वाक्य मॅडमही मग फारसं उच्चारत नव्हत्या.

कारखान्याचे सुपरवायझर एकदा भेटायला आले. मूळ परभणीचे, चाळिशीतले, हातात कापडाचा तुकडा. मॅडमनी तुकड्याचा धागा जाळला. गोळी झाली.

"ॲक्रिलिकच आहे मॅडम, आम्ही कुठं नाही म्हणायलोत? पण आमच्याकडं ओढ्यात पाणी सोडायच्या आधी जाळी आहे. एकदा येऊन बघा तर खरं."

"जाळीतूनही जातात हे."

"जात असतील. पण सगळ्या बाटल्यांत आमचंच कसं निघायलंय? पोरी बसून आहेत घरी. गावाकडून आलेल्या, खोल्यांचं भाडं चालू आहे. बघा बरं पुन्हा एकदा."

"कोरी स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. सुपरवायझरना कोरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी बाहेर सोडायला गेलो तेव्हा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे ती बाटली आमच्या विरोधात साक्ष द्यायली," म्हणाले, आणि तुकडा घडी करून खिशात ठेवून गेले.

केंद्राच्या उद्घाटनाला मोठा मंडप होता. अध्यक्षांनी भाषणात नदीला आई, बहीण आणि कन्या म्हटलं. मावशी तेवढी राहिली. मॅडमना 'नदीकन्या' ही पदवी देण्यात आली. वय अठ्ठावन्न. निवेदकाने उंची लोकरीचा उल्लेख केला, अध्यक्षांनी शाल झटकून उलगडली आणि मॅडमच्या खांद्यांवर घातली. त्यांच्यासमोर टेबलावर, पाण्याच्या बाटल्या आणि पुष्पगुच्छ यांच्यामध्ये, सवयीने उघडून ठेवलेली काचबशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक आली. मॅडम सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाल्या आणि बोटाने मला बघायची खूण केली. बशीतल्या कागदावर मरून तंतू पडले होते, भरपूर. ओळखीचे. वर्षभर फोटोंत बघत आलो होतो तसेच, तीच जाडी, तीच चकाकी.

"मंडपात सीटचं कापड नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

त्या कपाटाकडे गेल्या नाहीत, थेट मोठ्या पेटीकडे गेल्या. एका बाटलीभोवतीची शाल सोडवली, काठाजवळून एक मरून सूत काढलं, दिव्यावर धरलं. केसाचा वास आला नाही. टोकाला काळी गोळी झाली. बाटलीच्या ओल्या गळ्यावर, बुचाच्या कडेला बोट फिरवून त्यांनी ते भिंगाखाली धरलं. त्यावरही तेच. बाटली उघडून ओतताना ते पाण्याबरोबर गाळणीत जात होते.

"पण मग कोरी?" मी विचारलं. "कोरीत का नाही आले?"

मॅडमनी मामांना बोलावलं. "मामा, जीपमध्ये कोरी कुठं असते?"

"माज्या मांडीवर."

"पेटीत नाही?"

"न्हाई. तुमीच म्हनला व्हता न्हवं, मामा, ही सगळ्यात म्हत्त्वाची, हिला जपून आना. मंग आमी पयल्यापासून पुढं मांडीवर घेऊन बसतो. एक डाव सुदीक पेटीत घातली न्हाई. पावनीवानी आनतो."

मामा अभिमानाने सांगत होते. मॅडम खाली बसल्या. बाकीच्या बाटल्या जशा आणायच्या तशीच कोरी आणायची, हा त्यांचाच पहिला धडा. कोरीला मान दिला गेला, म्हणून तिला काहीच लागलं नाही, आणि म्हणून ती काहीच सांगू शकली नाही. राहिल्या शाली. सगळ्या जगाचे धागे जाळून बघणाऱ्या बाईने या शालींचा एक धागाही कधी जाळला नव्हता. मी तसं विचारलं नसतं, पण त्या स्वतःच बोलल्या.

"मानाची वस्तू होती हो. जाळून कशी बघायची?"

त्याच दुपारी आम्ही अध्यक्षांकडे गेलो. त्यांच्या केबिनमध्ये आदल्या दिवशीचे हार अजून होते. मॅडमनी सगळं सांगितलं आणि वर्तमानपत्राला आणि नोटीस काढणाऱ्या कार्यालयाला संस्थेतर्फे दुरुस्ती कळवायला सांगितलं.

अध्यक्षांनी एक हार बाजूला सारला. मग म्हणाले, "मॅडम, मला एक सांगा. नदी घाण आहे की नाही?"

"आहे."

"त्यात प्लॅस्टिक आहे की नाही?"

"आहे. पुष्कळ आहे."

"मग चूक काय झाली?"

हा प्रश्न तसा बिनतोड होता.

मॅडम म्हणाल्या, "नदीतली बाकीची घाण कोणाची ते मला अजून माहीत नाही. ही मरून घाण माझी आहे. ती दुसऱ्याच्या नावावर आहे."

"महिनाभर थांबा. आत्ताच उद्घाटन झालंय. पाहुण्यांना काय सांगायचं? की आमच्या शालीमुळं झालं? सगळ्या संस्थेचं हसं होईल, राव."

बाईला राव म्हटल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही, इतके ते खरोखर अडचणीत होते. मला त्यांची थोडी कीवही आली. शाली आणणारं दुकान त्यांच्या साडूंचं होतं.

मॅडम महिनाभर थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून, राणी रंगाचा डगला घालून, काचबशी आणि शाल घेऊन नोटीस काढणाऱ्या कार्यालयात गेल्या. तिथल्या अधिकाऱ्याला हे समजायला वेळ लागला. संशोधक येऊन माझं चुकलं म्हणतो यासाठी त्यांच्याकडे खिडकी नव्हती. त्याला वाटलं, कारखान्याने बाईंना काहीतरी दिलं असणार. आमच्या स्टाफरूममध्येही असं वाटणारे दोघे-तिघे निघाले. मॅडमना ते कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "शंका बरोबर आहे. त्यांनी तपासावी." नोटीस मागे घ्यायला बरेच दिवस गेले, पण घेतली गेली. वर्तमानपत्राने दुरुस्ती आतल्या पानावर, फ्लॅटच्या जाहिरातीखाली छापली. नव्या दालनात स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. वातानुकूलन तेच राहिलं. मॅडम जिन्याखालच्या जुन्या खोलीतच राहिल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून नमुने घ्यायला लागल्या.

या वेळी बाटल्यांभोवती जुन्या सुती साड्या होत्या, धागा जाळून घेतलेल्या. जीप निघताना मामा सवयीने कोरी घेऊन पुढे बसले.

"मामा, तिला मागं टाका."

"आवो, खड्डं हायेत. फुटंल की."

"बाकीच्यांबरोबर फुटू दे."

मामांनी ती पेटीत ठेवली, पण मोशी येईपर्यंत मान वळवून मागे बघत होते. नव्या नमुन्यांत निळे तंतू निघाले, काळे निघाले, हिरवा भुगा निघाला. मरून थोडे निघाले, वरही आणि खालीही. कारखाना निर्दोष आहे असं मॅडम कधीही म्हणाल्या नाहीत. माहीत नाही, एवढंच म्हणाल्या. अशा निष्कर्षाला केंद्र मिळत नाही.

कारखाना सुरू झाल्यावर काही दिवसांनी सुपरवायझर पुन्हा आले. या वेळी बरोबर तिघी कामगार मुली होत्या. स्टुलापाशी आल्यावर सगळ्यांनी न सांगता डगले घातले. जिन्याखालची ती खोली एकदम राणी रंगाने भरून गेली. मग सुपरवायझरनी पिशवीतून नारळ काढला, आणि त्याच्याखालून शाल. मरून. सोनेरी काठ.

"मॅडम, पोरींनी वर्गणी काढली. म्हणल्या, सत्कार करायचाच."

मी मॅडमकडे बघायचं टाळलं. एका मुलीने शाल उलगडून त्यांच्या खांद्यांवर घातली. दुसरीने मोबाइलवर फोटो काढला. मॅडम फोटोसाठी सरळ उभ्या राहिल्या. मग सवयीने त्यांचा हात काठाकडे गेला, सूत निघालं आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत दिव्यावर गेलं. मी शेजारीच होतो. केसाचा वास आला नाही.

सुपरवायझरनी जरा काळजीने विचारलं, "लोकरीचीच आहे ना मॅडम? दुकानदार तर तसंच म्हणायला होता."

मॅडमनी चिमट्यातली काळी गोळी डगल्याच्या खिशात टाकली.

"उबदार आहे," त्या म्हणाल्या.

मुली गेल्यावर त्यांनी शाल काढली, आतल्या बाजूला वळवून नीट घडी घातली आणि मामांच्या हातात दिली. मामा ती बाहेर, खोलीपासून लांब, जिन्याच्या कठड्यावर ठेवून आले. संध्याकाळी घरी जाताना मॅडमनी ती खांद्यांवर घेतली होती. पर्समधली काचबशी त्या दिवशी त्यांनी उघडली नाही.